तांबडी की हिरवी? : न्यू मेक्सिकोतले सहा दिवस

नातीच्या वर्गात पन्नास राज्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. तिला हवं होतं हवाई, ते नाहीच मिळालं तर निदान कॅलिफोर्निया. तिने उचललेली चिठ्ठी निघाली न्यू मेक्सिकोची. घरी आली ती तोंड फुगवूनच. "आजी, तिथे काहीच नाहीये गं. नुसतं वाळवंट."

प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या राज्याचा तक्ता करायचा होता. वर राजधानी, क्षेत्रफळ, लोकसंख्या, राज्य कधी झालं ते. खाली राज्याची अधिकृत चिन्हं, त्यांच्या चौकटी शाळेनेच आखून दिलेल्या. असले तक्ते मी एकतीस वर्षं तपासलेत. वाईच्या शाळेत माझ्याकडे भूगोल होता. मुलं पुस्तकातून उतरवतात, बाई लाल शाईने बरोबरची खूण करतात आणि दोघींच्याही डोक्यात काही उरत नाही. म्हणून मुलाला म्हटलं, तुमच्या कोलोरॅडोच्या खालीच ना ते राज्य? मग तक्ता तिकडे जाऊनच भरू या. त्याची रजा शिल्लक होती, सूनबाईंना बदल हवाच होता. नातीने शाळेला तीन दिवस दांडी मारायची, एवढी एक गोष्ट माझ्यातल्या बाईंना अजून पचलेली नाही.

निघायच्या आदल्या रात्री वाईहून मैत्रिणीचा फोन आला. "मेक्सिकोला चाललीस? अगं, व्हिसाचं काय केलंस?"

पहिला दिवस : डेन्व्हर ते सांता फे

सप्टेंबरचा शेवट. डेन्व्हरहून सकाळी सातला निघालो. महामार्ग क्रमांक २५ सरळ दक्षिणेला जातो, उजव्या हाताला रॉकी पर्वत सोबतीला. दुपारच्या सुमाराला राटोन खिंड लागली. उंची ७,८३४ फूट. खिंडीच्या माथ्यावरच राज्याची हद्द. 'जादूभरल्या भूमीत स्वागत' अशा अर्थाची पिवळी पाटी आली आणि नातीने गाडी थांबवायला लावून फोटो काढला. राज्याचं टोपणनाव, पहिली चौकट.

थोड्या वेळाने तिनेच दाखवलं की पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर राज्याच्या नावाशेजारी 'यूएसए' असंही लिहिलंय. इतर राज्यांच्या पाट्यांवर ते नसतं. कारण सोपं आहे. वाईतल्या माझ्या मैत्रिणीसारखीच गैरसमजूत खुद्द अमेरिकेतही भरपूर आहे. इथल्या राज्याच्या मासिकात म्हणे असे किस्से छापायचं एक सदरच चालतं, पन्नासातलं एक हरवलंय अशा नावाचं. मैत्रिणीला नंबरप्लेटचा फोटो पाठवून दिला.

पुढे तीन तास रस्ता, गवताळ माळ आणि आभाळ. माणूस दिसेना. तक्त्यातली क्षेत्रफळाची चौकट भरायला यापेक्षा चांगली जागा नव्हती. १,२१,५९० चौरस मैल, अमेरिकेत पाचवा क्रमांक. नातीला चौरस मैलाने काही कळत नाही, मलाही नाही. मी चौरस किलोमीटर काढले : सुमारे ३ लाख १५ हजार. आपला महाराष्ट्र ३ लाख ८ हजाराच्या आत-बाहेर. म्हणजे दोन्ही राज्यं जवळजवळ एकाच मापाची. आता लोकसंख्या. २०२० च्या जनगणनेत इथे माणसं भरली २१ लाख १७ हजार. २०११ मध्ये एकट्या पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख होती. महाराष्ट्रभर पसरायला पुण्याहूनही कमी माणसं दिली, तर जे दिसेल ते आम्हाला खिडकीतून दिसत होतं.

सांता फेला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. गावातली घरं मातीच्या रंगाची, कोपरे गोलसर, कुठे काचेचा मनोरा नाही. जेवायला बसलो. बीन्सचा बरीटो मागवला. वाढणारी बाई वही पेन्सिल घेऊन उभी, आणि तिने विचारलं, "तांबडी की हिरवी?"

मला वाटलं चटणी विचारतेय. नात मात्र खुर्चीवरून उडी मारून उठली. हाच तो! न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने अधिकृत 'राज्यप्रश्न' ठरवून ठेवलाय, आणि तो हाच. जेवणावर मिरचीचा रस्सा ओततात तो तांबड्या मिरचीचा हवा की हिरवीचा? दोन्ही हवे असतील तर म्हणायचं 'ख्रिसमस', तेही अधिकृत. पक्षी, फूल, प्राणी सगळ्यांनाच असतात. प्रश्न असणारं राज्य मी पहिल्यांदाच पाहिलं. महाराष्ट्राला असा प्रश्न द्यायचा झाला तर काय द्यावा, यावर जेवणभर वाद झाला. मुलगा म्हणाला, "चहा घेणार, की घेऊनच आलात?" तो आठ वर्षं पुण्यात शिकलाय.

मी हिरवी मागितली. घाम फुटला, पण मान खाली घातली नाही.

दुसरा दिवस : सांता फे

सांता फे हे राजधानीचं गाव समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर. अमेरिकेतल्या पन्नास राजधान्यांत सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत जुनी. स्पॅनिशांनी वसवली ती १६१० साली. नातीला सन लक्षात राहावा म्हणून सांगितलं, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधी वीस वर्षं.

हा हिशोब पुढे कामाला आला. इथल्या मूळ लोकांच्या गावांना 'पुएब्लो' म्हणतात. स्पॅनिश मिशनऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी त्यांचे देव बंद पाडले, वेठबिगारी लावली. शेवटी पोपे नावाच्या एका पुढाऱ्याने गावोगाव गाठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. बेत फुटल्यामुळे ठरल्याच्या थोडं आधीच, पण बहुतेक सगळी गावं एकदम उठली आणि स्पॅनिशांना पार हाकलून लावलं. पुढची बारा वर्षं सांता फे त्यांच्याकडे नव्हतं. साल १६८०. म्हणजे रायगडावर महाराज गेले ते वर्ष, फक्त चार महिन्यांनी. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण सन पाठ करून घेण्याच्या माझ्या या जुन्या युक्त्या आहेत आणि त्या चालतात. वॉशिंग्टनच्या संसद भवनात प्रत्येक राज्याने आपल्या दोन व्यक्तींचे पुतळे ठेवायचे असतात. न्यू मेक्सिकोने २००५ मध्ये दुसरा पुतळा ठेवला तो याच पोपेचा. हातात गाठींची दोरी आहे. नातीच्या तक्त्यात पुतळ्याला चौकट नव्हती, आम्ही समासात लिहिलं.

विधिमंडळाची इमारत गोल आहे. अमेरिकेत अशी हीच एक. १९६६ मध्ये उघडली, लोक तिला 'राउंडहाउस' म्हणतात. आत जायला तिकीट नाही. भिंतींवर आणि कोपऱ्यांत इथल्या चित्रकारांची कामं. मधल्या गोल दालनाच्या फरशीत राजमुद्रा जडवलेली : एक मोठा गरुड, त्याच्या पंखाखाली एक छोटा गरुड. मोठा अमेरिकेचा. छोटा मेक्सिकोचा, चोचीत साप, पायाखाली निवडुंग. १८४८ च्या तहाने हा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आला, ती गोष्ट अशी पंखाखाली घेऊन सांगितलेली. घेणारा सांगतो तेव्हा अशीच सांगतो. नंतर पूर्ण राज्याचा दर्जा मिळायला साठाहून अधिक वर्षं गेली. ६ जानेवारी १९१२ ला सत्तेचाळिसावं राज्य झालं.

मुद्रेखाली लॅटिनमधलं ब्रीदवाक्य, 'क्रेसित एउंदो'. पुढे जाता जाता वाढते, असा अर्थ. मूळ ओळ रोमन कवी ल्युक्रेशियसच्या काव्यातली. आकाशातून कोसळणाऱ्या विजेचा जोर कसा वाढत जातो ते तो सांगतोय. नातीला अर्थ सांगितला, तर ती त्या फरशीवर उभी राहून म्हणाली, "हे तर आपल्याकडेही आहे." आणि रविवारच्या मराठी शाळेत पाठ केलेलं सुरू केलं : प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता. शहाजीपुत्र शिवाजीची ही मुद्रा, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी. मी एकतीस वर्षं वर्गात उभी राहिले, पण ही जोडी मला सुचली नसती. पहारेकरी हसून बघत होता. त्याला काय वाटलं असेल ते असो.

बाहेर झेंडा फडकत होता. त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तक्त्यातली हीच चौकट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड निघाली.

पिवळ्या पार्श्वभूमीवर तांबडा सूर्य, बास. एक वर्तुळ आणि चारी दिशांना चार-चार किरण. दूरवरून ओळखू येतो, कुणीही काढू शकतं. झेंड्यांच्या अभ्यासकांनी २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या झेंड्यांची क्रमवारी लावली, त्यात हा पहिला आला. पिवळा-तांबडा हे स्पेनचे रंग. सूर्य मात्र झिया पुएब्लोचा. चाराचा आकडा त्यांच्याकडे पवित्र : चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याच्या चार अवस्था, आणि वर्तुळ या सगळ्यांना बांधणारं. एका स्पर्धेसाठी हॅरी मेरा या डॉक्टर आणि पुरातत्त्व अभ्यासकाने झेंडा काढला तो झियाच्या एका जुन्या मडक्यावरचा सूर्य उचलून. १९२५ मध्ये तो राज्याचा झाला.

झियाच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्यासाठी ते पूजेतलं चिन्ह. आता ते नंबरप्लेटवर आहे, कपांवर, टोप्यांवर, संडास साफ करणाऱ्या कंपनीच्या गाडीवरसुद्धा मी पाहिलं. त्यांनी भरपाई मागून पाहिली आहे. काही व्यावसायिक आता आधी परवानगी विचारतात आणि गावाला देणगी देतात, पण तसं करणं कुणावर बंधनकारक नाही. आणि झेंड्याला वंदन करताना शाळेतली मुलं म्हणतात ती प्रतिज्ञा अशी : झियाचं चिन्ह हे एकत्र आलेल्या संस्कृतींच्या परिपूर्ण मैत्रीचं प्रतीक.

नातीने विचारलं, "आजी, हे कॉपी करणं झालं ना?" वर्गात एखाद्याने दुसऱ्याच्या वहीतून उतरवलं की मी दोघांनाही उभं करायचे. इथे कोणाला उभं करायचं? तिने झेंडा काढला, छान काढला, आणि खाली एक ओळ लिहिली : 'झिया लोकांचा सूर्य.' शाळेने ती ओळ मागितली नव्हती.

दुपारी चौकात. १६१० च्या सुमाराचा गव्हर्नरांचा वाडा अजून उभा आहे आणि त्याच्या लांबलचक ओसरीत भिंतीला टेकून पुएब्लो आणि नवाहो या मूळ जमातींचे कारागीर चादरीवर दागिने मांडून बसतात. त्यांची नोंदणी असते. स्वतः किंवा घरच्यांनी केलेलाच माल विकायचा. चांदी आणि पिरोजा. पिरोजा हे १९६७ पासून इथलं राज्यरत्न. मी सवयीने भाव करायला लागले तर सूनबाईंनी कोपर मारलं. घेतले कानातले, सांगितल्या किमतीला. शेजारच्याकडे 'बोलो टाय' होता : गळ्यात घालायची वेणी घातलेली चामडी दोरी, मध्ये चांदीची सरकती टिकली. हा अधिकृत राज्य-टाय. मुलाने आरशात बघितलं आणि मुकाट्याने परत ठेवला.

तिसरा दिवस : चिमायो आणि ताओस

डोंगरातल्या जुन्या रस्त्याने निघालो. पहिला थांबा चिमायो. १८१६ च्या सुमाराचं मातीचं छोटं देऊळ, म्हणजे चर्च. देवळाच्या बाजूच्या खोलीत जमिनीत एक लहानसा खड्डा, त्यात मऊ माती. लोक वाकून चिमूटभर घेतात, दुखऱ्या जागी लावतात, पुडीत बांधून घरी नेतात. भिंतीला कुबड्या टांगलेल्या. गुड फ्रायडेला दूरदूरून हजारो माणसं पायी चालत येतात. मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. अंगारा घेतला, पुडी पर्समध्ये ठेवली.

बाहेर मिरच्या. चिमायोची तांबडी मिरची नावाजलेली. दारादारावर माळा लटकवलेल्या, आपल्याकडे लसणाच्या वेण्या लटकवतात तशा. पुडा घेतला. विकणाऱ्या आजोबांना सांगितलं की आमच्याकडेही ही रोज लागते, तर म्हणाले, "तुमच्याकडे इथूनच गेली." खरंच आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आणली. त्याआधी तिखटासाठी आपल्याकडे मिरी होती, आणि 'मिरची' या नावातच तो वारसा राहिलाय. आमच्या आज्यांच्या पणज्यांनी ठेचा कशाचा केला असेल, या विचाराने मी गाडीत बराच वेळ गप्प होते.

वाटेत एक माणूस पिकअपच्या मागे पिशव्या मांडून बसला होता. पिन्यॉनच्या बिया. पिन्यॉन हा ठेंगणा पाइन इथला राज्यवृक्ष, डोंगरउतारावर सगळीकडे तोच. बिया दाताखाली फोडल्या आणि चव ओळखीची : चिलगोजे! वेगळ्या जातीचे, पण भाऊबंदच. भरघोस पीक दरवर्षी येत नाही, काही वर्षांनी एकदा येतं. किमतीवरून ते कळलंच.

ताओस पुएब्लो दुपारी पाहिलं. मातीची चार-पाच मजली घरं, एकावर एक चढलेली, मधून ओढा वाहतोय. अनेक शतकं माणसं सलग इथे राहत आली आहेत, आणि तटबंदीच्या आतल्या जुन्या भागात त्यांनी वीज आणि नळ येऊ दिलेले नाहीत. १९९२ पासून जागतिक वारसा. दरवर्षी भिंतींना नवा गिलावा लागतो. शेणामातीने सारवलेल्या घरात माझं लहानपण गेलं, त्यामुळे कौतुक आणि कंटाळा दोन्ही मला आठवले. फोटो विचारून काढायचे, माणसांचे तर नक्कीच. तिथल्या एका बाईंनी मातीच्या भट्टीतला पाव दिला, गरम. त्या पावाला कुठलीही पदवी नव्हती. इतक्या दिवसांत खाल्लेल्या सगळ्यांत चांगला.

राज्य-बिस्कीट मात्र आहे. 'बिस्कोचितो', १९८९ पासून. बडीशेपेच्या वासाचं, वरून दालचिनी-साखर, तोंडात टाकलं की विरघळणारं. नानकटाईची मावसबहीण. अर्धं खाऊन झाल्यावर सूनबाईंनी वाचून दाखवलं की पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. मी उरलेलं अर्धं खाली ठेवलं. खाल्लेल्या अर्ध्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून इथे लिहिते.

चौथा दिवस : घोस्ट रँच

अबिक्यूच्या पलीकडचे लाल-पिवळे कडे. जॉर्जिया ओकीफ ही चित्रकार इथे राहिली आणि तिने हेच कडे पुन्हा पुन्हा रंगवले. आम्ही गेलो डायनोसॉरसाठी. १९४७ मध्ये इथल्या एका उतारावर सीलोफिसिस नावाच्या छोट्या मांसाहारी डायनोसॉरचे सांगाडे सापडले. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी, एकमेकांवर पडलेले. वय वीस कोटी वर्षांहून जास्त. हा राज्य-जीवाश्म. त्याची एक कवटी १९९८ मध्ये अंतराळयानातून वर जाऊन आली. नात म्हणाली, "म्हणजे तो तुझ्यापेक्षा जास्त फिरलाय."

तिथल्या फलकापाशी बसून उरलेल्या चौकटी भरल्या. फूल युक्का. मासा ट्राउट. कीटक 'टॅरँट्युला हॉक' नावाची गांधीलमाशी, जी कोळ्याला नांगी मारून लुळा करते आणि त्याच्यावर अंडं घालते. पिल्लू त्या जिवंत कोळ्यावर वाढतं. शाळकरी मुलांनी निवडून दिलेली! मोठ्यांनी फुलपाखरू निवडलं असतं. (फुलपाखरूही आहे, ते वेगळ्या चौकटीत.) आणि सरपटणारा प्राणी : व्हिपटेल जातीचा सरडा. याच्यात नर नसतातच. सगळ्या माद्या, अंडी घालतात, त्यातून पुन्हा माद्याच. सूनबाईंनी ही माहिती मुलाला दोनदा वाचून दाखवली.

मग नातीने माझी परीक्षा घेतली. महाराष्ट्राचं सांग. शेकरू, हरियाल, ताम्हण, आंबा घडाघडा म्हटलं. फुलपाखरू नीलवंत, तेही आलं. "मासा?" अडकले. मुलाने फोनवर बघितलं : पापलेट, २०२३ मध्ये ठरलं. माझ्या निवृत्तीनंतरचं आहे, असं सांगून सुटका करून घेतली.

राज्यपक्ष्याची चौकट तेवढी तिने रिकामी ठेवली. रोडरनर. कार्टूनमधला तोच. "बघितल्याशिवाय काढणार नाही," म्हणाली. चार दिवसांत आम्ही तो मोटेलच्या पाटीवर पाहिला, लोकल रेल्वेच्या डब्यांवर रंगवलेला पाहिला, बनियनवर पाहिला. खरा कुठे नाही. मुक्काम अल्बुकर्की.

पाचवा दिवस : अल्बुकर्की ते अलामोगोर्डो

पहाटे आभाळात सात-आठ फुगे. गरम हवेचा फुगा हे इथलं अधिकृत राज्य-विमान. १९७२ मध्ये तेरा फुग्यांनी सुरू झालेला ऑक्टोबरातला मेळा आता शेकड्यांवर गेलाय. इथे फुगे रमतात त्याचं कारण निखळ भूगोल : थंड सकाळी खालचा वारा दक्षिणेला वाहतो, वरचा उत्तरेला. खाली राहून पुढे जायचं, वर चढून मागे यायचं, निघाला तिथेच उतरायचं. हे मी फळ्यावर काढून शिकवलं असतं तर पोरं भूगोलावर प्रेम करायला लागली असती.

दक्षिणेला जाऊन सॅन अँटोनियो या छोट्या गावी पूर्वेला वळलो. रस्ता क्रमांक ३८०. काही मैलांवर रस्त्याकडेला एक पाटी आहे, तिथे थांबलो. दक्षिणेला रखरखीत मैदान आणि डोंगर. १६ जुलै १९४५ च्या पहाटे त्या मैदानात जगातला पहिला अणुबॉम्ब उडवला. प्रत्यक्ष जागा लष्कराच्या हद्दीत, वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशीच उघडतात. बॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख ओपेनहायमर संस्कृत शिकलेले होते. त्या स्फोटाबद्दल पुढे बोलताना त्यांनी गीतेतल्या अकराव्या अध्यायाची आठवण सांगितली. मी तिथे उभी राहून श्लोक म्हटला. कालोऽस्मि लोकक्षयकृत्प्रवृद्धः. त्यांनी इंग्रजीत 'मृत्यू' म्हटलं. मराठीला भाषांतराची अडचण पडत नाही. काळ आला होता म्हटलं की पुरतं.

आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना आधी काही सांगितलं नव्हतं. राख त्यांच्या शेतांवर, पाण्याच्या टाक्यांवर पडली. कॅन्सरने माणसं गेल्याच्या कहाण्या तिथली कुटुंबं सांगतात, आणि सरकारी भरपाईच्या यादीत त्यांची नावं कित्येक दशकं नव्हती. नातीने पेन्सिल काढली नाही. मीही सांगितलं नाही.

काळ्या लाव्ह्याचं पठार ओलांडून पुढे कॅपिटन. १९५० मध्ये इथल्या डोंगरात वणवा लागला, तेव्हा भाजलेल्या पंजांनी झाडाला चिकटून बसलेलं अस्वलाचं पिल्लू सापडलं. वणव्याविरुद्धच्या पोस्टरवर 'स्मोकी' हे अस्वल आधीपासूनच होतं, हे पिल्लू त्याचं जिवंत रूप झालं. वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं, १९७६ मध्ये मेलं, आणि पुरायला परत इथे आणलं. समाधीवर एक दगड, भोवती पिन्यॉन. काळं अस्वल हाच राज्यप्राणी. नात तिथे बराच वेळ बसली.

सहावा दिवस : पांढरी वाळू आणि हॅच

व्हाइट सँड्सची वाळू म्हणजे जिप्समचे कण. २७५ चौरस मैल पांढरंशुभ्र. ऊन तापलं तरी पायाला चटका बसत नाही, अनवाणी चालता येतं. प्लास्टिकच्या ताटलीत बसून टेकडीवरून घसरायचा खेळ आहे. मी दोनदा घसरले. तिसऱ्यांदा मुलाने ताटली काढून घेतली. टेकड्यांमध्ये युक्का उभे होते, राज्यपुष्पाची झाडं, पण फुलांचा मोसम सरलेला, वाळलेल्या शेंगा फक्त. वाळू चढत आली की हे झाड आपलं खोड उंच करत जातं. मुळांचा फेस होतो, रिठ्यासारखा. मूळ लोक केस धुवायला वापरत. फुलाच्या चौकटीत नातीने एक शेंग चिकटवायची म्हणून उचलली. इथून काहीच न्यायचं नसतं हे कळल्यावर निमूटपणे परत ठेवली.

दुपारी हॅच. गाव एवढंसं, पण हिरव्या मिरचीचं माहेर. आणि गावात शिरायच्या आधी वासच आला. दुकानाबाहेर जाळीचे पिंप आडवे फिरत होते, खालून गॅसची ज्वाळा, आत मिरच्या तडतडत साल सोडतायत. २०२३ पासून हा भाजल्या हिरव्या मिरचीचा वास अधिकृत 'राज्यगंध' आहे. असा गंध ठरवणारं हे पहिलंच राज्य. कल्पना निघाली ती लास क्रूसेसच्या एका शाळेत, पाचवीच्या मुलांशी एक आमदार बोलत असताना. पाचवी! नातीच्या वयाची मुलं.

मालकांनी सांगितलं, तांबडी आणि हिरवी ही दोन झाडं नव्हेत. एकच मिरची; कोवळी तोडली तर हिरवी, पिकू दिली तर तांबडी. आपल्याला हे पाळण्यातच माहीत असतं, पण मी मान डोलावली. एक पोतं भाजून घेतलं. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून चार मिरच्यांची काळी साल सोलली, वांग्याची सोलतो तशी, मीठ लावलं आणि ठेचल्या. लसूण नव्हता. तरी झाला तो ठेचाच. मालक चाखून म्हणाले, "मीठ जास्त आहे." खरं होतं.

आणि तेव्हाच नातीने माझा पदर ओढला.

गाड्या लावायच्या जागेच्या पलीकडे, तारेच्या कुंपणालगत, तो. तपकिरी ठिपक्यांचा, डोक्यावर तुरा, लांब शेपूट. कार्टूनपेक्षा बराच लहान. हा कोकिळेच्या कुळातला, म्हणजे आपल्या भारद्वाजाचा चुलतभाऊ. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो असं आमची आई म्हणायची. इथे पुएब्लो लोक याच्या पावलांचा ठसा शुभ मानतात : दोन बोटं पुढे, दोन मागे, फुलीसारखा; पक्षी कोणत्या दिशेला गेला ते वाईट शक्तींना कळत नाही. तो चार पावलं पळाला, थांबला, शेपूट वर केली. मग झुडपात मुंडकं खुपसलं, आणि बाहेर काढलं तेव्हा चोचीत एक सरडा वळवळत होता. बारीक, लांब, शेपटी निळसर.

"आजी," नात कुजबुजली, "तो व्हिपटेल आहे का?"

असावा. नसेलही. मला इतकं जवळून दिसत नाही. रोडरनरने सरडा दगडावर दोनदा आपटला, गिळला आणि कुंपणाखालून निघून गेला.

तक्ता गाडीच्या मागच्या सीटवर होता. तिने तो मांडीवर घेतला, पक्ष्याची चौकट आणि सरड्याची चौकट अशा दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं, आणि मधली रेघ खोडरबराने पुसायला घेतली.